स्पार्टाचा दाखला द्यायचा तर पुरता द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात 'आधी देशसेवा, मग मतदान' या मथळ्याचे पत्र वाचले. पत्रलेखकाचे म्हणणे असे की, ज्याने दोन वर्षे लष्करी शिक्षण घेतलेले नाही त्याला मताचा अधिकार देऊ नये, माजी सैनिकाच्या मताला दुप्पट वजन असावे, आणि साताऱ्यासारख्या फौजी जिल्ह्याने या मागणीत पुढाकार घ्यावा. आधार म्हणून त्यांनी प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा दाखला दिला आहे. तिथे म्हणे प्रत्येक नागरिक सैनिक होता, म्हणूनच राज्य शिस्तीचे आणि भ्रष्टाचारमुक्त होते.

मी स्वतः फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. म्हणजे या योजनेत माझ्या पदरी दुप्पट मत पडणार. ते मी नको म्हणतोय हे वाचून कॅन्टीनच्या रांगेतले दोन-चार जण माझ्यावर डाफरतील, डाफरू देत.

मी होतो आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. आटा, डाळ, तेल, डिझेल, खेचरांचा चारा, सगळी रसद आमच्याकडे. बंदूक धरणाऱ्याचा फोटो निघतो, आट्याचे पोते चढणीवर नेणाऱ्याचा निघत नाही. त्यामुळे कुठल्याही लढाईचे वर्णन समोर आले की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, यांना जेवायला कोण घालत होते? आमची नात कॉलेजात इतिहास शिकते. तिची पुस्तके तिच्या आधी मी वाचून काढतो. ग्रीसचा नाद तिथून लागला.

आता प्लॅटियाची लढाई घ्या. इ.स.पू. ४७९. इराणच्या फौजेला ग्रीसच्या भूमीवरून कायमचे हुसकावले ते या लढाईने. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने यात स्पार्टाची हजेरी दिली आहे. ५,००० नागरिक शिपाई आणि प्रत्येकामागे सात हेलट, म्हणजे ३५,००० हेलट. हे हेलट कोण? स्पार्टाने दाबून ठेवलेल्या लॅकोनिया आणि मेसेनिया या मुलखांतली जमिनीला बांधलेली माणसे. शेत त्यांनी कसायचे, धान्य स्पार्टाच्या नागरिकाच्या घरी पोचवायचे, लढाईला निघाले की ओझे वाहायचे. नागरिकाला नांगराला हात लावायची मुभा नव्हती, धंदा करायची नव्हती. सात वर्षांचा झाला की पोरगा घरातून उचलून शिक्षणात घालायचे आणि पुढे आयुष्यभर कवायत. एवढी फुरसत मिळत होती, कारण मागे सात माणसे राबत होती. 'प्रत्येक नागरिक सैनिक' हे खरेच आहे. पण नागरिक होते किती आणि त्यांच्यामागे राबणारे किती, हे पत्रलेखकाने गाळले आहे.

आणि या सात जणांची भीती किती, तर स्पार्टाचे पाच एफोर, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, पदावर आले की हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. एखादा हेलट मारला तर खुनाचे पाप लागू नये म्हणून ही सोय. थ्युसिडिडीज या अथेन्सच्या इतिहासकाराने एक प्रसंग नोंदवलाय, तो वाचून मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो होतो. अथेन्सशी युद्ध चालू असताना स्पार्टाने जाहीर केले की, ज्या हेलटांना आपण रणात सर्वांत मोठी कामगिरी केली असे वाटते त्यांनी पुढे यावे, त्यांना स्वातंत्र्य देऊ. सुमारे २,००० जण निवडले गेले. त्यांच्या डोक्यावर पुष्पमुकुट घातले, देवळांना फेऱ्या मारवल्या. पुढे ते सगळे नाहीसे झाले, आणि कोण कसा मेला ते कुणाला कळले नाही. विचार असा होता की, जो स्वतःहून पुढे येतो तोच उद्या उठाव करील. लढणाऱ्याला मान देणारे राज्य म्हणून ज्याची आरती चालली आहे, त्या राज्याने लढलेल्या माणसांचे हे केले.

शिस्तीचे म्हणाल तर ती होतीच, नाकारत नाही. पण मेसचा नियम ऐका. आमच्याकडे शिपायाला सरकार जेवू घालते. स्पार्टात उलटे होते. प्रत्येक नागरिकाने आपल्या मेसमध्ये दरमहा जव, वाइन, चीज, अंजीर आणि वर थोडे पैसे असा शिधा भरायचा. भरता आला नाही की नाव कट आणि नाव कटले की नागरिकत्व खलास. मग तुम्ही कितीही शूर असा. जमीन हळूहळू थोड्या घरांत गोळा होत गेली तसतसे शिधा न परवडणारे वाढले, नागरिक घटले. इ.स.पू. ४८० च्या सुमारास ८,००० नागरिक असल्याचे हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्ज नगराचा सेनापती इपॅमिनोंडस याने स्पार्टाला झोपवले तेव्हा मैदानात स्पार्टाचे अस्सल नागरिक ७०० होते आणि त्यांतले ४०० पडले. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत हजारही उरले नव्हते. एका लढाईचा मार राज्याला सोसला नाही, माणसे नाहीत म्हणून बुडाले, असे तो स्वच्छ लिहितो. ल्यूक्ट्रानंतर वर्षा-दोन वर्षांत इपॅमिनोंडस मेसेनियात उतरला आणि तिथले हेलट मोकळे केले. पुन्हा स्पार्टा पहिल्यासारखे उभे राहिले नाही. रसदच गेली.

भ्रष्टाचारमुक्त? इथे मात्र मला हसू आवरले नाही. गिलिपस हा स्पार्टाचा नामांकित सेनापती. सिसिलीत सिराक्यूजला अथेन्सची अख्खी स्वारी त्याने बुडवली. अथेन्सचा पाडाव झाल्यावर स्पार्टाच्या लायसँडर या सेनापतीने लुटीच्या चांदीची पोती याच गिलिपसबरोबर स्पार्टाला धाडली. या गड्याने काय करावे? पोत्याच्या तोंडावर मोहोर होती, ती तशीच ठेवली. बुडाची शिवण उसवली, प्रत्येकातून चांगला हात मारला, पुन्हा शिवले आणि माल जमा केला. त्याला ठाऊक नव्हते की लायसँडरने प्रत्येक पोत्यात आत रकमेची चिठ्ठी टाकली होती. एफोरांनी मोजले, ताळा बसेना. चोरलेली नाणी घराच्या कौलांखाली होती, नोकरानेच फोडले. त्याने एफोरांना आडून सांगितले की कौलांखाली बरीच घुबडे झोपली आहेत, कारण अथेन्सच्या नाण्यावर घुबडाचे चित्र असे. गिलिपस पळाला. प्लुटार्क या चरित्रकाराने हे सगळे चवीने लिहिले आहे. गोदामात उभी हयात गेलेला माणूस म्हणून सांगतो, उसवलेली शिवण आणि आतली चिठ्ठी ही गोष्ट ज्याने रचली किंवा पाहिली त्याला स्टोअरचा धंदा माहीत होता. वयाच्या सातव्या वर्षापासून केलेल्या कवायतीने हात आखडला नाही, चिठ्ठीने पकडला.

स्पार्टातले मतदानही बघा. ज्येष्ठांची सभा २८ जणांची, शिवाय दोन राजे. जागा रिकामी झाली की साठीपुढचे उमेदवार एकेक करून लोकांसमोरून चालत जात आणि लोक ओरडत. शेजारच्या बंद खोलीत बसलेले पंच कुणासाठी आवाज मोठा झाला ते ठरवत. युद्ध करायचे की नाही हेसुद्धा ओरडून. इ.स.पू. ४३२ मध्ये अथेन्सविरुद्ध युद्ध पुकारायचे की नाही यावर स्थेनेलायडास या एफोराने 'आवाजावरून कळत नाही' म्हणून लोकांना दोन बाजूंना उभे केले. त्यातून २७ वर्षांचे युद्ध निघाले. ॲरिस्टॉटलने या निवडणुकीला पोरखेळ म्हटले आहे. डीजेच्या आवाजावर उमेदवार निवडायचा तर आपल्याकडेही फार अडचण येणार नाही म्हणा.

भरतीच्या अकॅडम्यांच्या फलकांवर हल्ली थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेला अडवणारे स्पार्टाचे तीनशे असतात आणि खाली बाजीप्रभूंचे तीनशे. दोघांच्या शौर्याला माझा सॅल्यूट. पण थर्मोपिलीला सुरुवातीला वेगवेगळ्या नगरांचे मिळून सुमारे ७,००० ग्रीक होते. शेवटच्या दिवशी स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्या तीनशेंबरोबर थेस्पिया या लहानशा गावचे ७०० जण स्वखुशीने थांबले आणि कापले गेले. मेलेल्यांत हेलटही होते. फलकावर त्यांना जागा नाही. आणि घोडखिंडीतला मावळा घरी गेला की स्वतः नांगर धरणारा, त्याच्यामागे सात वेठबिगार नव्हते.

अथेन्सकडे वळतो. पत्रलेखकाच्या मुद्द्यात जे थोडे तथ्य आहे ते तिथे सापडते.

ग्रीक नगरांत शस्त्र आणि मत यांचा संबंध होता, घट्ट होता. ॲरिस्टॉटल सांगतो की राजे गेल्यावर आधी घोडेस्वारांच्या हाती सत्ता आली, मग पायदळ भारी झाले तसे अधिक लोक कारभारात शिरले. हे पायदळ म्हणजे हॉप्लाइट. आपल्याकडच्या भाषेत शिलेदार म्हणा, हत्यार ज्याचे त्याने आणायचे. काशाचे शिरस्त्राण, सात-साडेसात फुटी भाला आणि तीनेक फूट व्यासाची गोल ढाल, सहा-सात किलोची. ती डाव्या हातात. तिने आपली डावी बाजू झाकायची आणि डावीकडच्या गड्याची उजवी. म्हणजे माझी उजवी कूस माझ्या उजवीकडच्याच्या भरवशावर. त्यामुळे फौज पुढे सरकू लागली की प्रत्येक जण नकळत उजवीकडच्याच्या ढालीशी घसटत जाई आणि अख्खी रांग उजवीकडे कलत जाई. मँटिनियाच्या लढाईत, इ.स.पू. ४१८ मध्ये, हे घडताना थ्युसिडिडीजने टिपले आहे. ड्रिल घेतलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल, कारण भिडून चालणारी रांग सरळ ठेवायला उस्तादाचा घसा बसतो.

आता एवढे सामान ज्याला परवडे तोच रांगेत. अथेन्समध्ये सोलोनने इ.स.पू. ५९४ मध्ये उत्पन्नावर चार वर्ग पाडले. पद कुठले मिळणार ते वर्गावर. सर्वांत खालचा वर्ग थीट, मोलमजुरीवाले. त्यांना सभेत आणि न्यायसभेत बसता येई, पद मिळत नसे. ढाल नाही, तर पदही नाही.

हे पालटले चांदीने. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरियनच्या खाणीत मोठी शीर लागली. प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, वाटून टाकायचे घाटत होते. थिमिस्टोक्लीजने लोकांना वाटणी सोडायला लावली आणि त्या पैशातून लढाऊ जहाजे बांधून घेतली. तीन वर्षांत सॅलॅमिसच्या खाडीत इराणी आरमार फुटले, आणि ग्रीकांच्या बाजूची जवळजवळ निम्मी जहाजे अथेन्सची होती. रोख वाटप नाकारायला लावणारा पुढारी आणि ते ऐकणारे मतदार, हे एवढे तरी पत्रलेखकांनी आपल्या पुढच्या पत्रात जरूर घ्यावे.

एका जहाजावर १७० वल्हेकरी. तीन मजल्यांवर बसायचे, वर ६२, मधे ५४, खाली ५४. खालच्याच्या तोंडासमोर वरच्याची बैठक, यावर अथेन्सच्या रंगभूमीवर जे विनोद होत ते आपल्या अंकात छापण्यासारखे नाहीत. प्रत्येकाजवळ काय असायचे? आपले वल्हे, ते अडकवायची चामड्याची वादी आणि बसायला एक उशी. थ्युसिडिडीज एका रात्रीच्या चढाईत वल्हेकऱ्यांना हे तीन डाग उचलून कॉरिंथकडून जमिनीवरून पायी चालताना दाखवतो. जहाजावर स्वयंपाकाला जागा नाही, झोपायला नाही. जेवायला किनारा गाठायचा. आणि हे काम करणारे बहुतेक थीट. ज्याला ढाल परवडत नव्हती त्याच्या खांद्यावर नगर तरले.

मग त्याचा आवाज दाबणार कोण? अथेन्सच्या लोकशाहीचा कट्टर वैरी असलेल्या एका लेखकाचे चोपडे आजही मिळते. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, अभ्यासक त्याला 'म्हातारा उमराव' अशा अर्थाचे काहीतरी म्हणतात. तोही मान्य करतो की गरिबांना तिथे जास्त मिळते हे बरोबरच आहे, कारण जहाजे तेच हाकतात आणि नगराला बळ त्यांचे आहे. शत्रूने दिलेला दाखला तो, यापुढे मी काय बोलू.

इ.स.पू. ४११ मध्ये अथेन्समध्ये चारशे जणांनी सत्ता बळकावली. 'युद्ध चालू आहे, खर्च परवडत नाही, हक्क मोजक्यांनाच ठेवू' हीच तेव्हाची भाषा. आरमार सॅमोस बेटावर होते. तिथल्या वल्हेकऱ्यांनी आणि शिपायांनी तळावरच सभा भरवली, संशयित सेनापती काढले, थ्रॅसिब्युलस आणि थ्रॅसिलस यांना निवडले आणि म्हणाले की, नगर आपल्यापासून फुटले आहे, आपण नगरापासून नाही. चारशेंचा कारभार काही महिन्यांत कोसळला.

स्पार्टाशी चाललेले युद्ध अथेन्स शेवटी हरले ते रसदीपायी. इ.स.पू. ४०५, एगोस्पोटॅमीचा किनारा. अथेन्सची १८० जहाजे उघड्या पुळणीवर ओढून ठेवलेली. बंदर नाही, बाजार नाही. शिधा आणायला सेस्टोसपर्यंत तंगडतोड. अथेन्सचाच माजी सेनापती अल्किबायडीज जवळच राहत होता, तो येऊन सांगून गेला की सेस्टोसला सरका, तिथे बंदरही आहे आणि बाजारही. सेनापतींनी त्याला हाकलले. लायसँडर चार दिवस समोरच्या किनाऱ्यावर गप्प बसून पाहत राहिला. पाचव्या दिवशी अथेन्सचे लोक जेवणाच्या शोधात पांगले आणि त्याने झडप घातली. नऊ-दहा जहाजे निसटली, बाकी जवळजवळ सगळी हाती लागली. हा भाग मी नातीला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, 'आजोबा, तुम्हाला लढाईत फक्त भाकरीच दिसते.' दिसते, काय करू.

पुढच्याच वर्षी स्पार्टाच्या आशीर्वादाने अथेन्सवर तीस जण बसले. त्यांनी ३,००० 'लायक' नागरिकांची यादी केली. बाकीच्यांची हत्यारे एका युक्तीने काढून घेतली आणि ॲक्रोपोलिस या गडावरच्या देवळात नेऊन ठेवली, म्हणजे सगळ्यांच्या रायफली कोतात, शस्त्रागारात, जमा. यादीबाहेरच्याला मारायला खटला लागत नव्हता. शेकडो माणसे मारली. 'लायक तेवढ्यांनाच हक्क' ही योजना स्पार्टाच्या पहाऱ्यात राबवली गेली तेव्हा अशी दिसली. थ्रॅसिब्युलस सत्तर माणसे घेऊन फायलीच्या डोंगरी किल्ल्यावर चढला, माणूस जमत गेला आणि इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली. परत आल्यावर त्यांनी बहुतेक सगळ्यांना माफी जाहीर केली, हेही सांगायला हवे.

माझ्या मते शिकण्यासारखे आहे ते अथेन्सने सेनापतीला कसे वागवले ते. बहुतेक पदे तिथे चिठ्ठ्या टाकून भरत, पण दहा सेनापती दरवर्षी हात वर करून निवडत. निवडला की सुटला असे नाही. वर्षाचे दहा भाग पाडलेले, प्रत्येक भागात एकदा सभेत प्रश्न यायचा की हे लोक काम नीट करताहेत का. नाही म्हटले की पद गेले, खटला उभा. मुदत संपली की हिशेब द्यायचा, पैशाचा आणि वर्तनाचा. मॅरेथॉन गाजवणाऱ्या मिल्टायडीजची पुढच्याच वर्षी पॅरोसची मोहीम फसली तर ५० टॅलंट इतका जबर दंड ठोठावला. त्या मोहिमेत झालेल्या मांडीच्या दुखापतीने तो गेला, दंड मुलाने भरला. पेरिक्लीज ओळीने पंधरा वर्षे निवडून आला, त्यालाही इ.स.पू. ४३० मध्ये पदावरून उतरवून दंड केला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा निवडले. खुद्द थ्युसिडिडीज सेनापती होता. अँफिपोलिस हे अथेन्सचे ठाणे वाचवायला उशीर झाला म्हणून त्याला वीस वर्षे नगराबाहेर काढावी लागली, म्हणून तर आपल्याला त्याचा ग्रंथ मिळाला.

याचा अतिरेकही झाला. आर्जिनुसी बेटांजवळ, इ.स.पू. ४०६ मध्ये, आठ सेनापतींनी लढाई जिंकली, पण आपली २५ जहाजे गेली आणि वादळात पाण्यातली माणसे काढता आली नाहीत. सभा खवळली. एकेकाची चौकशी करायची सोडून सगळ्यांवर एकच मतदान घेतले आणि जे सहा परत आले होते त्यांना ठार केले. त्या दिवशी सभा चालवणाऱ्यांत सॉक्रेटिस होता, त्याने असले बेकायदा मतदान घ्यायला नकार दिला, पण कोण ऐकतो. पुढे लोक पस्तावले. जाणकार सेनापती मारून एगोस्पोटॅमीला अल्किबायडीजला हाकलणारे तेवढे उरले. बुडालेल्या पोरांसाठी तळमळणाऱ्या बापांचा राग मला कळतो, तरी निकाल चूकच होता.

अथेन्सला मी डोक्यावर घेत नाही. लॉरियनची चांदी गुलामांनी काढली. बायकांना सभेत पाऊल टाकता येत नव्हते. नगरात राहणारे परके रांगेत ढाल घेऊन लढत, कर भरत, पण मत नाही. इराणविरुद्ध अथेन्सभोवती जमलेल्या नगरांच्या, म्हणजे डेलोसच्या, संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सने आपल्याकडे उचलून आणला आणि मित्रनगरांची वर्गणी खंडणी झाली. मेलोस बेटाने इ.स.पू. ४१६ मध्ये मान तुकवली नाही, तर तिथले पुरुष कापले, बायकापोरे विकली. हा ठराव सभेत लोकांनीच केला असणार, त्यात वल्हेकरीही आलेच.

पत्रलेखक म्हणतील, अथेन्समध्येही अठराव्या वर्षी दोन वर्षांचे लष्करी शिक्षण होतेच की. होते. पण क्रम पाहा. आधी गावसभा शपथेवर मत देऊन पोराचे नाव नागरिकांच्या यादीत घेई, शिक्षण त्यानंतर. दुसऱ्या वर्षी ढाल आणि भाला नगर देई. आणि ही पद्धत अशी नीट बसवली गेली ती इ.स.पू. ३३५ च्या आसपास. त्याआधी तीन वर्षे खेरोनियाच्या रणात मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्सला हरवून टाकले होते. ज्या अथेन्सने मॅरेथॉन आणि सॅलॅमिस मारले, त्याच्या पोरांनी असली दोन वर्षे भरली नव्हती. शेवट इ.स.पू. ३२२ मध्ये झाला. समुद्रावर आरमार हरले, मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने २,००० द्राख्मांच्या मालमत्तेची अट घातली आणि हजारो गरिबांचा हक्क एका फटक्यात गेला.

आता आपल्याकडचे. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, अपशिंग्याच्या नावापुढे मिलिटरी लागते, घराघरात एक फोटो वर्दीतला आहे. या सगळ्याचा अभिमान मला पत्रलेखकापेक्षा कमी नाही. पण याच साताऱ्याने फौज ज्याच्या हाती त्याचे राज्य कसे होते तेही पाहिले आहे. १७०८ मध्ये शाहू छत्रपती इथे गादीवर बसले. सरदारांना सरंजाम मिळत गेले, त्या मुलखाच्या उत्पन्नावर त्यांनी आपापल्या फौजा पोसल्या आणि १७४९ मध्ये महाराज गेल्यावर गादी राहिली साताऱ्यात, कारभार गेला पुण्याला. अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या पोरांना गाईड हे सांगत नाही.

सैनिकाच्या मताची एवढी काळजी असेल तर एक सांगतो. नोकरीत असताना मी लडाखला होतो, तेव्हा टपाली मतपत्रिकेचे पाकीट हाती पडले ते गुलाल उधळून झाल्यावर. आता मतपत्रिका संगणकावरून जाते, पण प्रिंट काढून, शिक्का मारून परत यायला टपालच. दुप्पट मत राहू द्या, होते ते एक वेळेत पोचते का ते पाहा.

आमच्या गावच्या ग्रामसभेत मला पुढची खुर्ची देतात. रिटायर फौजी म्हणून नारळ फोडायला, झेंड्याला हात लावायला बोलावतात. पण नळपाणी योजनेच्या दुरुस्तीचा खर्च मागच्या सभेत एका ओळीत वाचला गेला तेव्हा मी व्हाउचर मागितले, तर सगळे माझ्याकडे असे बघू लागले जणू मी झेंडा उलटा बांधला. मागे बसलेल्या वस्तीवरच्या दोन बायका मात्र म्हणाल्या, 'सुभेदार विचारतात ते वाचा की.' त्यांनी कधी रायफल धरली नाही, टँकरमागे हंडे धरलेत. वाचले नाही, पुढच्या सभेत ठेवू म्हणाले. पुढची सभा २ ऑक्टोबरला आहे. मी पुन्हा मागणार आहे, आणि या वेळी त्या दोघींना आधीच सांगून ठेवले आहे की अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार
ता. जि. सातारा